सात रात्री श्रीलंका, सासू-सासरे आणि आठ वर्षांची मुलगी बरोबर: किलोमीटर मोजू नका, तास मोजा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सात रात्री श्रीलंका, तुम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी, सासूबाई आणि सासरे, सासऱ्यांना गुडघ्यांचा त्रास, सगळे शाकाहारी, आणि एजंटने दिलेल्या कागदावर कोलंबो, सिगिरिया, त्रिंकोमाली, कँडी, नुवारा एलिया, एला, याला, गॉल अशी आठ ठिकाणं. वर तुम्ही विचारलंय की यात काही महत्त्वाचं राहत तर नाही ना?

मी 2011 पासून छोटे मराठी ग्रुप घेऊन श्रीलंकेला जातेय, बहुतेक वेळा घरातली तीन पिढ्यांची माणसं बरोबर असतात. त्या अनुभवावरून सांगते, तुमचा प्रश्न काय राहतंय हा नाहीये, काय काढायचं हा आहे. आठातली निदान तीन ठिकाणं काढली तरच बाकीची नीट बघून होतील.

कारण असं की श्रीलंका नकाशात फसवते. क्षेत्रफळ 65,610 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जेमतेम पाचवा हिस्सा, त्यामुळे घरी बसून बघताना वाटतं की सकाळी इथे आणि दुपारी तिथे. पण दक्षिणेकडचा आणि विमानतळाकडचा एक्स्प्रेसवे सोडला तर बहुतेक रस्ते दोन पदरी, गावागावांतून जाणारे, मधे तीनचाकी, बस, शाळा सुटलेली पोरं, आणि डोंगरात तर वळणावर वळण. सरासरी तासाला तीस-पस्तीस किलोमीटर धरायचे, त्याहून जास्त नाही. विमानतळ ते सिगिरिया चार तास, सिगिरिया ते कँडी अडीच-तीन तास, कँडी ते नुवारा एलिया ऐंशी किलोमीटरच्या आतच आहे पण त्यालाही अडीच-तीन तास लागतात. हे सगळं न थांबता. आणि आजी-आजोबा, लहान मूल बरोबर असताना न थांबता कोण जातं?

माझ्या पहिल्या ग्रुपला मी सात दिवसांत सहा हॉटेलं बदलायला लावली होती. चौथ्या दिवशी कँडी-नुवारा एलिया रस्त्यावरच्या रंबोडाच्या चढावर एका आजींना उलट्या सुरू झाल्या, गाडी चहाच्या मळ्याच्या कडेला थांबवली, त्या एका दगडावर पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. समोर एवढा मोठा धबधबा कोसळत होता आणि त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. ती माझी चूक होती, त्यांच्या तब्येतीची नाही. तेव्हापासून एक नियम केला की एका गावात शक्यतो दोन रात्री, आणि लागोपाठ दोन दिवस तीन तासांच्या वर प्रवास नाही.

आता पावसाचं बघू, कारण तुमच्या तारखा त्यावर अडतात. श्रीलंकेला दोन मान्सून आहेत आणि ते वेगवेगळ्या बाजूंना येतात. मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून, तो कोलंबो, गॉल, बेंटोटा या पश्चिम-दक्षिण किनाऱ्याला आणि डोंगराच्या पश्चिम उताराला झोडपतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मान्सून, तो पूर्वेला. त्यामुळे तुमच्या तारखांना त्रिंकोमालीचा समुद्र खवळलेला असतो, लाल झेंडे, ढगाळ आभाळ, तिथे चार-पाच तास जाऊन मुलीला पाण्यात पाय बुडवता आले नाहीत तर ती रडेल आणि तुम्हालाही वाईट वाटेल. त्रिंकोमाली मे ते सप्टेंबरसाठी ठेवा, तेव्हा ती खरंच सुंदर असते. एलाही डोंगराच्या पूर्वेच्या बाजूला येतं, तिथे डिसेंबरात बऱ्यापैकी पाऊस आणि धुकं असतं. सिगिरियाच्या भागातसुद्धा या दिवसांत सरी येतात पण त्या बहुधा दुपारनंतर, म्हणून बाहेरचं सगळं सकाळी उरकायचं. आणि दक्षिण-पश्चिम किनारा डिसेंबरअखेर एकदम छान, म्हणून समुद्र शेवटी ठेवायचा, सगळ्यांचा थकवा तिथे उतरतो.

तर तुमच्यासाठी मी जे करीन ते असं. विमानतळावरून थेट दांबुल्ला-सिगिरियाच्या बाजूला, तिथे दोन रात्री. मग कँडी एक रात्र, नुवारा एलिया दोन रात्री, शेवटी बेंटोटा दोन रात्री आणि तिथूनच विमानतळ. त्रिंकोमाली, एला, याला गेले. कोलंबोही गेलं, विमानतळ कोलंबोत नाहीच, तो उत्तरेला कटुनायकेला नेगोंबोजवळ आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी कोलंबोत घुसून ट्रॅफिकमधे अडकण्यात काही अर्थ नाही. गॉल बेंटोटाहून एका दिवसात जाऊन येता येतं, साठेक किलोमीटर. पहिला दिवस सोडला तर यात एकच लांबचा दिवस आहे, नुवारा एलिया ते बेंटोटा, पाच-सहा तास, हॅटन-कितुलगला मार्गे उतरायचं, कितुलगलाला केळणी नदीच्या काठावर जेवायला थांबायचं आणि पुढे एक्स्प्रेसवे पकडायचा. जर तुमचं विमान संध्याकाळनंतर उतरत असेल तर मात्र पहिली रात्र नेगोंबोला काढा, रात्रीच्या अंधारात चार तास तिकडे जाऊ नका.

सिगिरियाबद्दल सासऱ्यांना आधीच स्पष्ट सांगा. पाचव्या शतकात काश्यप राजाने त्या सुळक्यावर महाल बांधला, वर जायला सुमारे बाराशे पायऱ्या, त्यातल्या शेवटच्या, सिंहाच्या भल्यामोठ्या मूर्तीचे पंजे उरलेत तिथून वर, लोखंडी जिन्याच्या, उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो. तुम्ही दोघं आणि मुलगी सकाळी गेट उघडायच्या वेळी जा, दहाच्या आत खाली या, सासू-सासऱ्यांना खालच्या पाण्याच्या बागांत बसू दे, ती जागा सपाट आहे, सावली आहे, आणि सुळका खालूनच जास्त भव्य दिसतो. आरडाओरडा करू नका, कड्यावर गांधीलमाश्यांची पोळी आहेत, तशा पाट्याही लावल्यात. पासपोर्ट सगळ्यांचे जवळ ठेवा, हॉटेलच्या तिजोरीत नको, कारण सार्क देशांच्या नागरिकांना अशा ठिकाणी तिकीट इतर परदेशी लोकांच्या जवळपास अर्ध्या दरात मिळतं आणि तिथे पासपोर्ट बघतात. पाच जणांचे बरेच पैसे वाचतात.

पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला मी या भागात खरं कुठे नेते ते सांगू? पोलोन्नरुवाला. सिगिरियापासून सव्वा-दीड तास. हे बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहू राजाचं राजधानीचं गाव, सगळं सपाटीवर, आणि गाडी एका अवशेषापासून दुसऱ्यापर्यंत नेता येते, चालणं थोडं थोडं. तिथल्या गल विहारात एकाच दगडातून कोरलेल्या चार बुद्धमूर्ती आहेत, त्यातली आडवी, महापरिनिर्वाणाची मूर्ती चौदा मीटर लांब. तिच्याजवळ गेलात की डोक्याखालची उशी बघा. डोक्याच्या भाराने उशी जिथे दबते तिथे ती खरंच दबलेली कोरलीय, कडक दगडात, आणि दोन्ही पावलं एकसारखी नाहीत, वरचं पाऊल किंचित मागे सरकलंय, ते झोपलेल्याचं नाही, गेलेल्याचं लक्षण. माझ्याबरोबर आलेले एक निवृत्त पाथरवट आजोबा तिथे पाऊण तास उभे होते, कोणाशी बोलले नाहीत, नंतर फक्त एवढंच म्हणाले की उशीला छिन्नी अलगद लागलीय. त्याच आवारात चोळांच्या काळातलं दगडी शिवमंदिर आहे, आत पिंडी आहे, लोक आजही फुलं वाहतात, सासूबाईंना तिथे हात जोडता येतील.

मुलीला हत्ती बघायचे असणारच. त्यासाठी यालापर्यंत जायची गरज नाही. याला बिबट्यांसाठी प्रसिद्ध, पण सुट्टीच्या दिवसांत एका बिबट्याभोवती जीपांची रांग लागते आणि पहाटे उठून चार तास जीपचे हादरे, सासऱ्यांच्या गुडघ्यांना आणि कमरेला ते झेपणार नाही. सिगिरियाजवळ मिन्नेरिया, कौडुल्ला आणि हुरुलू हे तीन जंगलभाग जवळजवळ आहेत आणि हत्ती पाण्याप्रमाणे एकीकडून दुसरीकडे जातात. पावसाळी महिन्यांत बहुधा हुरुलूला दिसतात. तुम्ही आधीच कुठलं एक बुक करू नका, त्या दिवशी दुपारी जीपवाल्याला विचारा आज कुठे आहेत, तो खरं सांगतो कारण त्यालाही हत्ती दाखवायचेच असतात.

कँडीत बुद्धाचा दात ठेवलेल्या दंतधातूच्या मंदिरात, म्हणजे श्री दळदा माळिगावात, दिवसातून तीन पूजा असतात, पहाटे, सकाळी साडेनऊच्या सुमारास आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. संध्याकाळी खूप गर्दी होते, सासू-सासऱ्यांना घेऊन सकाळच्या पूजेला जा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांनीही हाफ पँट घालायची नाही, शक्य असेल तर पांढरे किंवा फिके कपडे, तिथले लोक तसेच येतात. चपला बाहेर. दांबुल्लाच्या लेण्यांत तर दुपारी फरशी एवढी तापते की पाय पोळतात, तिथे जाताना जाड मोजे बरोबर न्या, मोजे चालतात. आणि एक गोष्ट कृपा करून मुलीलाही समजावून सांगा: बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही पण त्यांना तो अपमान वाटतो, पोलिसांपर्यंत जातं. मूर्तीकडे तोंड करून किंवा बाजूला उभं राहून काढा. कँडीत अजून एकच जागा करा, पेरादेणियाची बाग, सपाट आणि मोठी, आत फिरायला बॅटरीवरच्या गाड्या मिळतात.

आता जेवण. शाकाहारी लोकांची इथे खरी अडचण मांस नाही, उंबलकड आहे. उंबलकड म्हणजे वाळवून दगडासारखा टणक केलेला मासा, तो कुटून चुरा करतात आणि आपण जसं भाजीत दाण्याचं कूट घालतो तितक्या सहज ओल्या खोबऱ्याच्या चटणीत, पालेभाजीत, वांग्यात टाकतात. त्या खोबऱ्याच्या चटणीला पोल संबोल म्हणतात, लालभडक, वरून बघितली तर आपली लसूण-खोबऱ्याचीच वाटते. एकदा दांबुल्लाजवळच्या एका छोट्या खानावळीत मी सगळ्यांसाठी "व्हेजिटेरियन" सांगितलं, त्या बाईंनी हसून मान डोलावली, मनापासून शाकाहारी बनवलं असंच त्यांना वाटत होतं, कारण चिकन-मासे काही नव्हतंच. माझ्या ग्रुपमधल्या एका काकूंनी तीन घास खाल्ले आणि मला चव घेतल्यावर कळलं. त्यांना सांगताना माझा जीव वर-खाली झाला, त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढे दोन दिवस फक्त केळी आणि दही खाऊन राहिल्या. तेव्हापासून मी "व्हेज" हा शब्दच वापरत नाही. मी म्हणते, "मस् माळु एपा, उंबलकड एपा." मस् म्हणजे मांस, माळु म्हणजे मासे, एपा म्हणजे नको. हे एवढं पाठ करून जा, आणि दर वेळी सांगा, हॉटेल कितीही मोठं असलं तरी.

एकदा हे सांगितलं की मग मात्र शाकाहारी माणसाची चंगळ आहे. भाताला तिथे बत् म्हणतात, आपलाच शब्द, आणि त्याच्याबरोबर चार-पाच भाज्या येतात. मसूर डाळ नारळाच्या दुधात शिजवलेली, तिला परिप्पु म्हणतात, ती लहान मुलांना हमखास आवडते. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, तिथे तिला पोलोस म्हणतात, काळपट तपकिरी, तासन् तास शिजवलेली, ती कोकणातल्या माणसाने खाल्ली तर डोळे मिटून घेईल. सकाळी शेवयांसारखे वाफवलेले इंदिआप्प, त्यावर परिप्पु. म्हशीचं घट्ट दही मातीच्या मडक्यात मिळतं, त्यावर कितुल माडाची काकवी ओतून खातात, हे जेवणानंतर नाही खाल्लं तर श्रीलंकेला जाऊन काय केलं? आणि रस्त्यावर थंबिली, म्हणजे केशरी रंगाचं शहाळं. विकणारा कोयत्याने तीन घाव घालतो, प्यायल्यावर त्याच सालीचा तुकडा चमचा म्हणून देतो, मलई खरवडायला. सासूबाईंना रोज एक द्या, उन्हाचा त्रास होत नाही. तिखट मात्र त्यांचं खरंच तिखट असतं, मुलीसाठी आधी सांगा. अगदीच कंटाळा आला तर तमिळ लोकांची शैव हॉटेलं कँडीत, नुवारा एलियात आहेत, तिथे इडली-डोसा शुद्ध शाकाहारी मिळतो.

नुवारा एलिया, तिथले लोक नुरेलिया म्हणतात, 1,868 मीटरवर आहे, डिसेंबरात रात्री चांगली थंडी पडते, दहा अंशांखालीही जातं. लोक समुद्राच्या देशात जायचं म्हणून फक्त सुती कपडे भरतात आणि तिथे जाऊन स्वेटर विकत घेतात. सगळ्यांचे स्वेटर, कानटोप्या न्या, हॉटेल बुक करताना खोलीत हीटर आहे का ते विचारा. इथे दोन रात्री ठेवल्या त्या सासू-सासऱ्यांसाठी. जवळच सीता एलियाला सीता अम्मनचं मंदिर आहे, ओढ्याच्या काठाला, अशोकवन ते हेच असं मानतात, गाडी अगदी दारापर्यंत जाते. कँडीहून येताना वाटेत रंबोडाला डोंगरावर हनुमानाचं मंदिर लागतं. मी स्वतः तिथे गेले की शांत बसते थोडा वेळ, आमच्या ग्रुपमधल्या आज्या तर रामरक्षा म्हणतात.

चहाचे मळे इथेच. 1867 मधे जेम्स टेलरने कँडीजवळ लूलकंदुरा इथे चहाची लागवड सुरू केली, आणि मळ्यांवर राबायला इंग्रजांनी तमिळनाडूतून माणसं आणली, त्यांच्या नातवंडांच्या नाती आज पाठीवर पिशवी बांधून पानं खुडताना दिसतात. त्यांना वजनावर पैसे मिळतात, फोटोसाठी थांबवलं की त्यांचा वेळ जातो. आधी विचारा, त्या हो म्हणाल्या तर काढा आणि हातात काहीतरी द्या.

ती प्रसिद्ध निळी ट्रेन. कँडी ते एला पूर्ण प्रवास साडेसहा-सात तासांचा, आणि गाडी उशीर करतेच. आजोबांसाठी आणि मुलीसाठी तो फार होतो. सगळ्यात देखणा भाग नानु ओया स्टेशनच्या पुढचा, हे नुवारा एलियाचं स्टेशन. नानु ओया ते हपुतळे दीडेक तास बसा, सामान हॉटेलवरच ठेवा, ड्रायव्हरला गाडी घेऊन हपुतळेला यायला सांगा आणि परत या. मधे पट्टिपोळा लागतं, त्या देशातलं सगळ्यात उंचावरचं स्टेशन. आरक्षण प्रवासाच्या तीस दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांत बघता बघता संपतं, म्हणून तारीख लिहून ठेवा. पण आधी एक चौकशी करा: नोव्हेंबर 2025 च्या दितवा चक्रीवादळात या डोंगरात फार मोठ्या दरडी कोसळल्या, माणसं गेली, हा रेल्वेमार्गही जागोजागी तुटला. तुम्ही जाल तेव्हा गाडी कुठून कुठपर्यंत धावतेय ते हॉटेलला विचारूनच पुढचं ठरवा, आणि डोंगरात जोराचा पाऊस असेल तर संध्याकाळनंतर घाटात गाडी घालू नका.

गाडी-ड्रायव्हरचं एजंटशी बोलताना तीन गोष्टी लिहून घ्या. एक, ड्रायव्हरचं राहणं-जेवण पैशांत धरलंय का. दोन, पाच जण आणि सामान म्हणजे व्हॅनच हवी, कार नाही. तीन, आम्हाला मसाल्याच्या बागा, रत्नं, बाटिकची दुकानं नकोत. मातळेच्या रस्त्याला मसाल्याच्या बागा आहेत, फिरवून आणतात चांगलं, पण शेवटी गुडघ्याचं तेल म्हणून जे विकतात ते फार महाग असतं आणि सासरे नेमके तिथेच अडकतील. ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगा की दुकानं नकोत, टीप आम्ही नीट देऊ. त्याचंही पोट त्यावर असतं, हे लक्षात ठेवून खरंच नीट द्या.

डिसेंबरअखेरच्या दोन खास गोष्टी. 24 आणि 31 तारखेला बऱ्याच हॉटेलांत गाला डिनर सक्तीचं असतं, माणशी वेगळे पैसे, आणि त्यात शाकाहारी माणसाला खायला फार नसतं. बुकिंगच्या आधी विचारा, नंतर वाद घालून उपयोग नाही. आणि दर पौर्णिमेला पोया, सरकारी सुट्टी, त्या दिवशी दारू कुठे विकत नाहीत, देवळांत प्रचंड गर्दी. डिसेंबरची उंदुवप पोया अशोकाच्या मुलीची, संघमित्रेची, तिने बोधिवृक्षाची फांदी श्रीलंकेत आणली त्याची आठवण म्हणून पाळतात. तारखा जुळत असतील तर कँडी त्या दिवशी टाळा, गर्दीत सासऱ्यांना उभं राहवणार नाही.

राहिलेलं पटापट. ईटीए, म्हणजे श्रीलंकेत जायची सरकारी परवानगी, ऑनलाइन काढा, फक्त सरकारी साइटवर, पत्त्यात गव्ह डॉट एलके असलेली, तशाच दिसणाऱ्या खासगी साइट जास्त पैसे घेतात, फी आणि सवलतीचे नियम बदलतात म्हणून जायच्या महिनाभर आधी बघा. घड्याळ बदलावं लागत नाही. प्लगसाठी चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर न्या. गावात फिरायला पिकमी ॲपवर तीनचाकी बोलवा, भाव करावा लागत नाही. मलेरिया तिथून गेलाय, 2016 मधे जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलं, पण डेंग्यू आहे, डास दिवसा चावतात, मुलीला सकाळपासून क्रीम लावा. आणि सगळ्यांच्या फोनमधे 1990 हा नंबर ठेवा, ती मोफत ॲम्ब्युलन्स आहे, सुव सेरिया नावाची, भारताच्या मदतीने 2016 मधे सुरू झाली. सासऱ्यांची रोजची औषधं सात नाही, दहा दिवसांची न्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, आणि हातातल्या पिशवीत.

तुमच्या विमानाची उतरायची वेळ आणि सासऱ्यांना किती पायऱ्या चढवतात ते लिहा, म्हणजे पहिला दिवस आणि दांबुल्लाची लेणी ठेवायची की काढायची ते सांगते, कारण तिथेही तीनशेच्या वर पायऱ्या आहेत आणि अर्ध्यावर बसायला धड जागा नाही.